जीव मुठीत धरून उतरलेला उतार फोटोत सपाट का दिसतो? एमटीबीवर (माउंटन बाइक, डोंगरवाटांवरची सायकल) कॅमेरा नेणाऱ्यांनो, सांगा जरा

चेन_पडली
वर्षभर झालं एमटीबी चालवतोय, साधी हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, फक्त पुढे १२० मिमी दबणारा फोर्क. जंगल, मोकळा माळ, खडकाळ उतार, जमेल तिथे घुसतो आणि सोबत एक छोटा मिररलेस कॅमेरा असतो. आता लोचा असा की जिथे माझी घाबरगुंडी उडाली होती, म्हणजे सीट खाली घेऊन, बूड पार मागच्या चाकावर नेऊन, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट ठेवून कसाबसा उतरलो, तोच उतार फोटोत क्रिकेटच्या मैदानासारखा दिसतो. मित्राला दाखवला तर म्हणे यात काय एवढं!! जंगलातले फोटो तर विचारूच नका, अर्धा रायडर पांढराफटक अर्धा काळा. आणि कॅमेरा ठेवायचा कुठे हेही सांगा, सॅकमध्ये ठेवला तर काढायचा कंटाळा, गळ्यात टाकला तर हँडलबारवर ठोकर खातो.

मागचा_ब्रेक
उताराचं आधी सांगतो कारण मी स्वतः त्यात बरेच दिवस डोकं आपटलंय. वर उभं राहून वाइड लेन्सने खाली बघत काढलास की उतार मेलाच समज. वाइडमध्ये लांबचं अजून लांब जातं, आणि फ्रेममध्ये तुलना करायला उभं असं काही नसेल तर डोळ्याला कोन कळायचा कसा? ट्रेल सोडून बाजूला हो, दहा-पंधरा पावलं तरी, कॅमेरा लेव्हल धर आणि एखादं सरळसोट झाड नाहीतर क्षितिज आत घे. झाड उभं दिसलं की जमीन आपोआप तिरकी दिसते. नाहीतर उताराच्या तळाशी जा, गुडघ्यावर बस आणि १०० मिमीच्या आसपास झूम करून वर बघत काढ, मागचा उतार भिंतीसारखा उभा राहतो. काही महाभाग कॅमेराच तिरका धरतात, पण मग मागची सगळी झाडं एका बाजूला झोपलेली दिसतात आणि चोरी पकडली जाते 😄

शटरचं म्हणशील तर समोरून अंगावर येणारा रायडर १/५०० सेकंदालाही बऱ्यापैकी थिजतो, आडवा जाणारा असेल तर १/१००० च्या खाली नको. पॅनिंग करायचं, म्हणजे रायडरबरोबर कॅमेरा फिरवत काढायचं, तर १/३० ते १/६०, कमरेतून वळायचं आणि दहातले आठ फुकट जाणार हे धरूनच चालायचं. आणि हो, आंधळ्या वळणाच्या पुढे उभं राहू नकोस रे बाबा, मागून येणाऱ्याला तू दिसतोस तेव्हा उशीर झालेला असतो.

ओलं_पान
जंगलात कडक ऊन असेल तर मी कॅमेरा काढतच नाही. ढगाळ दिवस, धुकं, पाऊस पडून गेल्यावरचा उजेड, तेव्हा पानं चमकतात पण डोळ्यावर येत नाहीत, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० बिनधास्त ठेवायचा. ऊन असलंच तर ट्रेलवर उन्हाचा एक कवडसा शोधायचा, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) त्याच्यावर लॉक करायचं, बाकीचं खुशाल काळं होऊ दे, आणि रायडर त्यात शिरला की दाबायचं. फक्त ट्रेल पार चिखलाचा असेल तर त्या दिवशी जाऊच नका, चाकाने पडलेली चाकोरी वाळून तशीच राहते आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी वाहतं.

बर्फात उलटं होतं. कॅमेऱ्याचा मीटर सगळं सरासरी करड्या रंगावर आणायला बघतो त्यामुळे बर्फ राखेसारखा येतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +१.५ करायचं, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ घ्यायचा. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गारठ्यात लवकर मान टाकते. मी एकदा बर्फातनं आल्या आल्या उबदार खोलीत कॅमेरा बॅगेतून काढला, लेन्सवर जे दव धरलं ते जाईपर्यंत नुसती बघत बसले. आता बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करते आणि खोलीइतका कोमट झाल्याशिवाय उघडत नाही.

वाळूत_रुतला
वाळवंटाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुपारी वाळवंटात फोटो म्हणजे कपाळमोक्ष, सावल्याच नसतात. सूर्य खाली आला की त्याच वाळूवरची एकेक लाट आणि टायरची एकेक गाठ दिसायला लागते. लेन्स मात्र तिथे बदलू नका. आणि कोरड्या प्रदेशात जमिनीवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसतो ना, तो जिवंत असतो, त्यात शेवाळ, दगडफूल, सूक्ष्म जीव असतात, एकदा चाक गेलं की सावरायला कित्येक वर्षं लागतात. चांगल्या अँगलसाठी लोक नेमके त्याच्यावरच जाऊन उभे राहतात!! उघडा खडक दिसला की त्याच्यावरूनच जा. अमेरिकेत मोआबला जो प्रसिद्ध स्लिकरॉक (घसरडा खडक) आहे त्याला ते नाव घोड्यांचे नाल घसरायचे म्हणून पडलं म्हणतात, रबरी टायर मात्र त्यावर गोचिडासारखा चिकटतो.

फोनच_पुरे
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. दर वळणावर थांबलं की राइडचा ताल जातो, अंग गार पडतं, आणि थांबून परत सुरू करताना पहिल्याच अवघड जागेला पाय टेकतो. मी अख्ख्या राइडमध्ये दोनच जागा ठरवतो, बाकी फोन खिशात. कॅमेरा न्यायचाच तर कमरेच्या पाऊचमध्ये, पण पोटाच्या बाजूला, पाठीवर कडक वस्तू घेऊन पडलात तर ती थेट मणक्यावर बसते. फोन हँडलबारला लावून व्हिडिओ काढणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार, त्या धक्क्यांत कॅमेऱ्यातली स्टॅबिलायझेशनची नाजूक यंत्रणा बिघडू शकते. छातीवर अॅक्शन कॅमेरा लावा की.

चेन_पडली
सगळ्यांना थँक्यू. रविवारी @मागचा_ब्रेक दादा म्हणाले तसं तळाशी गुडघ्यावर बसून काढले, उतार खरंच उभा आला, मलाच बघून भीती वाटली. पाऊच पण पुढे घेतला, चढावर मांडीला लागतो थोडा पण चालेल. फक्त मित्र चार वेळा सायकल ढकलत वर गेला आणि पाचव्यांदा म्हणाला आता तू चालव, मी काढतो. त्याने काढलेला एकच फोटो शार्प आलाय, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.