मदत हवी आहे: लेकीच्या ओट्याजवळच्या घोडीला कोणतं पॉलिश?

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातलं जुनं घर, ओटा 32 इंच उंच. अडीच वर्षांच्या लेकीला शेजारी उभं राहून पोळ्या लाटायच्या असतात, म्हणून सुताराकडून तिन्ही बाजूंनी कठडा असलेली सागवानी घोडी, म्हणजे उभं राहायचं उंच स्टूल, करून घेतली. उभं राहायची फळी 14 किंवा 17 इंचांवर बसते. आधी कलंडायची, पाय खाली फाकवले, आता हलत नाही.

अडलंय पॉलिशवर. कठडा नेमका तिच्या तोंडाशी येतो आणि ती तो चावते. (पोळी सोडून सगळं चावते.) संखेड्याच्या लाखकामाचा विचार केला, पण लाख खरादावर फिरणाऱ्या गोल लाकडाला चढते, सपाट फळीला नाही, शिवाय गरम भांडं टेकलं की मऊ पडते. खोबरेल तेल लावलं तर आठवड्यात चिकट, वर पिठाचा थर. कोरं ठेवलं तर हळदीचे डाग. सुतार पीयू (पॉलियुरेथेन, प्लॅस्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश) मारायला तयार आहे, पण डब्यावर मुलांबद्दल अक्षर नाही.

खेळण्यांना 2021 पासून आयएसआय सक्तीचं आहे हे ठाऊक आहे. ही घोडी घरापुरतीच, विकायची नाही. चावलं तरी चालेल आणि रोज ओल्या फडक्याने पुसता येईल असं, बडोद्यात मिळणारं काय लावू? जवसाचं तेल आणि मेण कोणी वापरलं असेल तर वाळायला किती दिवस दिले?