मदत हवी आहे: भाची सिस्टर (म्हणजे चर्चची नन) व्हायचं म्हणते, घरचे घाबरलेत

नमस्कार मंडळी. आम्ही वैजापूर तालुक्यातले, कॅथलिक. भाची २२ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेली. दिवाळीत चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "मावशी, मला कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या मठात जायचंय." तिच्या आईच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

ताईची, म्हणजे तिच्या आईची, भीती एकच : आता मुली जातातच किती? ही म्हातारी होईल तेव्हा हिच्याजवळ कोण असेल? प्रश्न खोटा नाही. पण भाचीचं म्हणणं वेगळं. तिच्या ओळखीच्या दोन तरुण सिस्टर स्कूटीवरून वस्त्यांवर जातात, बायकांचं बीपी तपासतात, ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांना शाळेत बसवतात. "संख्या कमी झाली म्हणून काम थोडंच संपलंय?" म्हणते. मला तिचं पटतं, ताईपुढं बोलत नाही एवढंच.

नियम मी समजून घेतलेत. नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा शिकाऊ काळ, किमान १२ महिने, मग निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, त्यानंतरच कायमची. म्हणजे परत फिरायला वाट असते. हे ऐकून ताई जरा शांत झाली.

तर विचारायचं असं, की कुणाची लेक, बहीण गेल्या दहाएक वर्षांत सिस्टर झालीय का? तिथं तरुण पोरींचं ऐकून घेतात का? नर्सिंग सुरू ठेवता येतं का? घरी किती वेळा येऊ देतात? संभाजीनगर-जालन्याकडच्या कुणी सिस्टर माझ्या ताईशी फोनवर बोलतील तर फार बरं होईल. माझं ती ऐकत नाही. मेसेज करा.