लिनक्ससाठी हलका लॅपटॉप: जुना दणकट घ्यावा की नवा सडपातळ?

रामबागकर:
भाचीला इथेच इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजात कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळालीये, तिला विंडोजऐवजी लिनक्सच हवंय, बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, आणि घरचे म्हणतायत साठ हजारांत नवा कोरा घेऊन टाका. माझं मत उलटं आहे. सरळ सिल्व्हर मॉलला जा आणि रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेला जुना, लेनोवोचा थिंकपॅड टी480 शोधा. 2018 चं मॉडेल, पण दोन बॅटऱ्या असतात, आतली 24 वॉट-अवर क्षमतेची आणि मागची खटके सरकवून काढता येते, ती 72 चीही मिळते. मशीन आतल्या बॅटरीवर चालू राहतं, त्यामुळे बंद न करता मागची बदलता येते. वाय-फाय इंटेलचं, लिनक्सचा फेडोरा टाका की उबंटू, ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. रॅम, एसएसडी, कीबोर्ड सगळं बदलता येतं. पोरगी चार वर्षं वापरणार आहे, हे बघायला नको का?

स्नेहलतागंजची ताई:
काका, हलका हवाय ना? 72 ची बॅटरी लावली की टी480 पावणेदोन किलोच्या पुढे जातो, वर चार्जर, वर पुस्तकं. रोज पाठीवर घेऊन ती फिरणार, तुम्ही नाही. आणि आत्ता मिळणारी मागची बॅटरी ओरिजिनल आहे हे दुकानदारही छातीठोकपणे सांगू शकत नाही, स्टिकर कोणीही चिकटवतो. लिनक्समध्ये यूपॉवर (upower) कमांड चालवून एनर्जी-फुल (आत्ताची क्षमता) आणि एनर्जी-फुल-डिझाइन (नवी असतानाची) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, मग बोला. रिफर्बिश्डच घ्यायचा तर थिंकपॅडचाच टी14एस पहिल्या जनरेशनचा, एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाला घ्या, 2020 चा आहे, वजन सव्वा किलोच्या जरा वर, बॅटरी 57 ची पण प्रोसेसर कमी खातो आणि टी480 च्या चार कोअरपेक्षा कितीतरी पुढे आहे. कोड कंपाइल करताना फरक कळतो.

छावणीतला:
तुम्ही दोघंही चुकताय. ॲपलचा एम1 मॅकबुक एअर घ्या, 1.29 किलो, पंखाच नाही, त्यावर 'असाही' (Asahi) नावाचं, ॲपलच्या चिपसाठी बनवलेलं लिनक्स टाका. त्याचं 'फेडोरा असाही रिमिक्स' 2023 च्या डिसेंबरमध्ये आलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हरसुद्धा लोकांनी स्वतः बसून लिहिलाय, यापेक्षा अभिमानाची गोष्ट कोणती?

रामबागकर:
अभिमान आहेच भाऊ, ज्यांनी केलं त्यांना दंडवत. पण त्यावर टच आयडी (बोटाच्या ठशाचं लॉक) चालत नाही, रॅम आणि एसएसडी दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेले, बदलता येत नाहीत, बोर्ड गेला की डेटाही गेला. फर्स्ट इयरच्या मुलीच्या हातात असाइनमेंटसाठी असं मशीन मी देणार नाही.

ताई, वजनाचं मान्य, पण टी14एसची रॅमही सोल्डरच आहे, 8 जीबीचा गळ्यात पडला तर कायमचा 8 च राहणार. आणि बॅटरीचा खरा प्रश्न वॉट-अवरचा नाहीच, झाकण लावल्यावरच्या झोपेचा (स्लीप) आहे. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये जुनी एस3 झोप, ज्यात रॅम सोडून जवळपास सगळं बंद होतं, बऱ्याचदा काढूनच टाकलेली असते, उरते एस2आयडल, त्यात झाकण लावलं तरी आत काहीतरी जागं राहतं. शेजारच्यांचा नवा लॅपटॉप रात्री बॅगेत ठेवला, सकाळी गरम आणि बॅटरी अर्ध्यावर, आता ते लिनक्सलाच शिव्या घालतायत. टी480 मध्ये एस3 आहे.

स्नेहलतागंजची ताई:
टी14एसच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्लीप स्टेट "लिनक्स" निवडा, एस3 येते. रॅमचं तुमचं बरोबर, म्हणून 16 जीबीचाच घ्यायचा, नाही मिळाला तर थांबायचं. आणि बॅटरी टिकवायची तर गनोम (लिनक्सचा डेस्कटॉप) 48 पासून सेटिंगमध्येच 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, थिंकपॅडवर ती चालते, त्याचा फायदा घ्या.

नवा कोरा घेऊ नका यावर मात्र मी काकांच्या बाजूने आहे. इंटेलच्या ल्युनार लेक प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप खरंच हलके आणि बॅटरीला जबरदस्त आहेत, पण साठ हजारांत बसवणं अवघड. आणि पातळ लॅपटॉपमध्ये इंटेलच्या आयपीयू6 चिपवर चालणारा कॅमेरा निघाला तर लिनक्सच्या कर्नल 6.10 मध्ये ड्रायव्हर येऊनसुद्धा लोक डोकं धरून बसलेत. ऑनलाइन व्हायव्हा असेल तर काय करणार?

छावणीतला:
बरं, मग दुकानात पेनड्राइव्हवर लाइव्ह फेडोरा, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, घेऊन जा. झाकण लावून पाच मिनिटं ठेवा, उघडा, वाय-फाय परत जोडलं जातं का बघा, कॅमेरा आणि ब्राइटनेसची बटणं चालवून बघा. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात.

रामबागकर:
हे पटलं. शनिवारी भाचीला घेऊन जातो, दोन्ही मशीन तिच्याच पाठीवर अडकवून जिने चढायला लावतो. ताई, टी14एस 16 जीबीचा सापडला तर मी हट्ट करणार नाही, पण 8 चा दाखवला तर टी480 च.