420 स्टेनलेसची पाती गंजतात, हार्डनेस मात्र बरोबर येतो

कोयनाकाठ:
नमस्कार. कऱ्हाडजवळ आमचे छोटे वर्कशॉप असून कांदा-लसूण सुकवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही कापणी यंत्राची पाती बनवतो. 420 ग्रेडची 3 मिलिमीटर जाडीची पट्टी आणतो, कापून व भोके पाडून ती हार्डनिंगसाठी (तापवून व झटकन थंड करून कठीण करण्यासाठी) बाहेर देतो आणि परत आल्यावर धार लावतो. तपासणीत कार्बन 0.31 आणि क्रोमियम 13.1 टक्के निघाले, म्हणजे माल खोटा नाही. गेल्या दोन लॉटमध्ये हार्डनेसही मागितल्याप्रमाणे 50 ते 51 एचआरसी (रॉकवेल सी, कठीणपणाचे माप) आला. तरीही आठवड्याभरात पात्यांवर तपकिरी ठिपके दिसू लागले आणि दोन पात्यांच्या धारेचे टवके उडाले. ग्राहकाचे म्हणणे असे, की हे चुंबकाला चिकटते आणि गंजतेही, मग याला स्टेनलेस का म्हणायचे? त्याऐवजी स्टेनलेसचे 304 ग्रेड घ्यावे, की 440सी घ्यावे?

भट्टीवरचा:
चुंबकाचे आधी मिटवून टाका. 420 सारखे मार्टेन्सिटिक (तापवून थंड केल्यावर कठीण होणाऱ्या) जातीचे स्टेनलेस चुंबकाला चिकटणारच, त्यात फसवणूक नाही. आता एकच विचारतो: टेम्परिंग (हार्डनिंगनंतर ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) किती अंश सेल्सिअसवर केले? 420 साठी साधारण 700 अंशांवर जॉब आतपर्यंत एकसारखा तापू देऊन मग 980 ते 1060 च्या दरम्यान तापवावे लागते, कारण हे पोलाद उष्णता हळू ओढते आणि थेट गरम भट्टीत टाकल्यास वाकते किंवा तडकते. त्यानंतर तेलात किंवा पातळ जॉब असेल तर हवेतही थंड करून लगेच 150 ते 370 अंशांच्या आत टेम्परिंग करायचे असते. 425 ते 565 हा पट्टा टाळायचा, हे आमच्या धंद्यात पाठ असायला हवे, पण भट्टी भरण्याच्या घाईत तुमची शंभर पाती ईएन-24 (स्टेनलेस नसलेले मिश्र पोलाद) च्या शाफ्टबरोबर आत जातात आणि दोघांनाही तेच तापमान मिळते. भट्टीचा तापमान-आलेख मागा, नुसता हार्डनेसचा कागद घेऊ नका.

धातुशास्त्राचा विद्यार्थी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कारण तेवढे सांगतो. 420 मध्ये 500 अंशांच्या आसपास दुय्यम कठीणपणा येतो, म्हणजे टेम्परिंगने उतरू लागलेला हार्डनेस पुन्हा वर येतो, म्हणून 200 अंशांवर टेम्पर केलेले पाते आणि 500 वर टेम्पर केलेले पाते हार्डनेस यंत्रावर जवळजवळ सारखेच दिसते. आत मात्र फार मोठा फरक असतो. 200 अंशांवर तयार होणारे कार्बाइड (कार्बन आणि धातूचे संयुग) मुख्यतः लोखंडाचे असते आणि क्रोमियम जागच्या जागी विरघळलेले राहते. 500 च्या आसपास क्रोमियमला हलण्याइतकी ऊर्जा मिळते, त्याचे बारीक कार्बाइड बाहेर पडते आणि त्या कणांच्या शेजारची जागा क्रोमियमला मुकते. वजनाने पाहिले तर एक ग्रॅम कार्बन सुमारे साडेसोळा ग्रॅम क्रोमियम अडकवू शकतो. प्रत्यक्षात त्या कार्बाइडमध्ये लोखंडही असल्याने आकडा कमी भरतो, पण तुमच्याकडे मुळात 13 टक्केच आहे आणि गंज रोखणारा क्रोमियमचा संरक्षक थर टिकण्यासाठी किमान साडेदहा तरी मोकळे लागते, त्यामुळे उधळायला फारसे काही उरत नाही. टवके उडण्याचे मूळही याच पट्ट्यातल्या ठिसूळपणात असावे.

याच हिशेबाने मऊ केलेली पट्टी हार्डन केलेल्या पात्यापेक्षा लवकर गंजते, कारण तिच्यातही क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेले असते; ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. शेफील्डमध्ये 1913 साली हॅरी ब्रेअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी केलेले पोलादही जवळपास याच घडणीचे होते: 0.24 टक्के कार्बन आणि 12.8 टक्के क्रोमियम.

एक सूचना: ही पाती नुसती पुन्हा 200 अंशांवर टेम्पर करून उपयोग नाही. बाहेर पडलेले कार्बाइड त्या तापमानाला विरघळत नाही, म्हणून आधी मऊ करून मग नव्याने हार्डनिंग करावे लागेल.

सहाणवाला:
304 चा विचार सोडा. ते उष्णतेने कठीण होतच नाही, धार दोन दिवसांत बोथट होईल. 440सी मध्ये क्रोमियम 16 ते 18 टक्के असले, तरी कार्बनही एक टक्क्याच्या आसपास असल्याने बरेचसे क्रोमियम जाड कार्बाइडमध्ये गुंतते; बेअरिंगच्या गोळ्यांना ते शोभते, पण खडा लागू शकणाऱ्या पातळ पात्याला मी देणार नाही. पाती कशाने धुतात तेही विचारा, कारण ब्लीचचे पाणी रात्रभर अंगावर राहिले तर चांगले 420 सुद्धा ठिपके धरते. शिवाय साध्या लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंगचा दगड किंवा तारेचा ब्रश या पात्यांना लावू नये. धार लावताना पाणी भरपूर सोडावे आणि शेवटी पॉलिश करून पॅसिव्हेशन (आम्लाने धुऊन संरक्षक थर पक्का करणे) करून घ्यावे.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. आलेख मिळाला: टेम्परिंग 510 अंशांवर झाले होते आणि त्याच भट्टीत ईएन-24 चे शाफ्ट होते. चार पाती मऊ करून नव्याने हार्डन केली व 200 अंशांवर टेम्पर करून घेतली. हार्डनेस 52 आला. जुने एक आणि नवे एक पाते मिठाच्या पाण्यात ठेवले. जुन्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपके दिसले. नवे तीन दिवस स्वच्छ राहिले, फक्त धारेलगत एका ठिकाणी ठिपका उठला, आणि नेमकी तिथेच मी दगडावर जास्त दाब दिल्यामुळे पाते तापून निळसर पट्टा पडला होता.