नागपुरातील लहान अंगणासाठी पक्षी, फुलपाखरे आणि मधमाश्यांना आवडणारी झाडे सुचवावीत

प्रश्न

नमस्कार. आम्ही नुकतेच बेसा परिसरातील नवीन घरात राहायला आलो आहोत. घरासमोर साधारण १२ फूट रुंद आणि २० फूट लांब मोकळी जागा असून तिथे दुपारी उशिरापर्यंत कडक ऊन असते. जमीन काळी, भारी आहे. सासूबाईंना पक्ष्यांची मनापासून आवड आहे, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे फिरणे थांबले आहे. म्हणून त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिवसभर पाखरांची ये-जा दिसेल अशी बाग करावी, असे आम्ही ठरवले आहे. रोपवाटिकेत चौकशी केली असता पेट्युनिया आणि संकरित झेंडू सुचवण्यात आला. मे महिन्यातील उन्हाळा सोसणारी आणि खरोखर पक्षी-फुलपाखरांच्या उपयोगाची झाडे कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

खिडकीसमोर हमेलिया लावा. त्याची नळीसारखी केशरी फुले जवळजवळ वर्षभर येतात, थोडे पाणी मिळाले तर ते नागपूरचा उन्हाळाही काढते, आणि शिंजीर, म्हणजे लांब बाकदार चोचीचा इवलासा सनबर्ड, त्यावर हमखास येतो. जोडीला एकेरी पाकळ्यांची तांबडी जास्वंद आणि कुंपणालगत अडुळसा असावा. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर शिंजिरासोबत मोठे काळे भुंगेही येतात. गच्च पाकळ्यांचा संकरित झेंडू दिसायला सुंदर असला, तरी त्यातील मध आणि पराग कीटकांच्या हाती फारसे लागत नाहीत. त्याऐवजी एकेरी झिनिया आणि कॉसमॉस यांचे बी टाकावे.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्यच आहे, पण तो अर्ध्या बागेचा आहे. फुलांवर येणारी पाखरे ही पाहुणी असतात. ती आपल्याकडे राहावीत असे वाटत असेल, तर ज्यांची पाने खाल्ली जातील अशी झाडेही आपण मुद्दाम लावली पाहिजेत. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात. संत्र्यांच्या या शहरात सुरुवात लिंबूवर्गीय झाडाने करणे सर्वांत सोपे, कारण लिंबू, संत्रा, बेल आणि कढीपत्ता या एकाच कुळातील झाडांवर लिंबू फुलपाखरू अंडी घालते. आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झालेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हेही याच कुळातील झाडांवर वाढते. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्यावर पानासारख्या हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून शिंगासारखा उग्र वासाचा अवयव बाहेर काढतात. पाच वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली शाळा मला सुचत नाही. कुंडीत पानफुटी ठेवली, तर तिच्या मांसल पानांच्या आत पोखरत वाढणारी रेड पिरो फुलपाखराची अळीही त्याला दाखवता येईल.

आता मुख्य मुद्दा. शिंजीर फुलांतील मध पितो हे सर्वांना ठाऊक असते, पण पिलांना भरवताना तो प्रामुख्याने लहान कीटक आणि कोळी आणतो. चिमणीदेखील दाणे खाणारी असली, तरी पिलांना आधी अळ्याच भरवते. शिंपी पक्षी तर दिवसभर पानांखाली किडेच शोधत असतो. याचा अर्थ असा, की ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, त्या बागेत पक्ष्यांना वीण करण्याजोगे काही नाही. सासूबाईंना घरटे बघायला मिळावे असे वाटत असेल, तर बागेतील कोळ्यांची जाळीही सरसकट झाडू नका; शिंजीर आपले लोंबते घरटे जाळ्यांच्या धाग्यांनीच बांधतो.

फळांसाठी जागा असेल तर एक सिंगापूर चेरी लावा. हे झाड झपाट्याने वाढते, सावली देते आणि बुलबुल, तांबट, फुलटोच्या या पक्ष्यांना बराच काळ फळे पुरवते. फांद्या आडव्या पसरतात, त्यामुळे ते खिडकीला अगदी चिकटून न लावता अंगणाच्या कोपऱ्यात असावे. कुंतीचे झुडूपही घ्यावे. फुलांचा सुगंध घराला मिळतो आणि तांबडी फळे बुलबुलांना.

प्रतिसाद ३

घाणेरीचा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. फुलपाखरांची इतकी गर्दी दुसऱ्या कोणत्याही झुडपावर दिसत नाही आणि पाण्याची तर तिला गरजच नसते.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून

गर्दी होते हे खरे, तरीही मी घाणेरी सुचवणार नाही. ती मूळची अमेरिका खंडातील. तिची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर पसरवतात, त्यामुळे आपल्या जंगलांत तिने गवताची आणि देशी झुडपांची जागा बळकावली आहे. आपल्या अंगणातले बी कुठल्या माळावर जाऊन पडेल, यावर आपला ताबा राहत नाही. फुलपाखरांच्या मधासाठी पेंटास आणि एक्झोरा पुरेसे आहेत.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कढीपत्त्यावर अळ्या येऊ द्यायच्या, तर स्वयंपाकाला पाने कशी मिळणार? निंबोळी अर्क फवारला तर चालेल का? कोणीतरी रुई लावण्यासही सांगितले होते.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून

कढीपत्त्याची दोन रोपे लावा, एक घरासाठी आणि एक फुलपाखरांसाठी. घरच्या रोपावर अळी दिसली, तर ती पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवा. अळ्या साधारण दोन-तीन आठवड्यांत कोषात जातात आणि झाड पुन्हा फुटते. निंबोळी अर्क नैसर्गिक असला, तरी अळ्यांसाठी घातकच आहे. मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, कीटकनाशक मात्र बागेत अजिबात नको, कारण ते मधात आणि परागातही उतरते. रोपे घेतानाही अशी फवारणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू वाढते, पण तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने मूल लहान असेपर्यंत ती अंगणात नसावी. तुळस मात्र भरपूर लावा आणि सगळ्या मंजिऱ्या खुडू नका; लहान फुलोरी माश्या आणि सातेरी मधमाश्या त्यांवर दिवसभर असतात.

प्रतिसाद ४

लागवडीबद्दल थोडेसे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, तर उन्हाळ्यात ती भेगाळून मुळे तोडते. म्हणून खड्ड्यातील मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, वाफे थोडे उंच ठेवावेत, आणि मृगाच्या सरींवर घाई न करता जमिनीत चांगली ओल मुरल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, रोपे लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे सावलीत, झुडपांपासून थोडे दूर ठेवावे, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. त्यात पाण्याबाहेर डोकावतील असे खडे टाकले, तर मधमाश्याही न बुडता पाणी पिऊ शकतात. पाणी रोज बदलावे, कारण डासांची पैदास आपल्याला नको आहे.