किड्यांच्या रक्तातून नवं अँटिबायोटिक: पैसा लावायचा की नाही?

कोसावाला:
आमच्या भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडावर टसरचा कोसा होतो, लहानपणी कोष कानाशी धरून हलवायचो, आत प्युपा खडखड वाजायचा. त्याच कुळातला अमेरिकेतला सेक्रोपिया पतंग. स्टॉकहोमला शास्त्रज्ञ हान्स बोमन यांच्या टीमने त्याच्या झोपलेल्या प्युपाला बॅक्टेरिया टोचले, तर रक्तात बॅक्टेरिया मारणारी चिमुकली प्रोटीन्स म्हणजे पेप्टाइड्स तयार झाली, त्यांना सेक्रोपिन नाव दिलं, १९८१ ची गोष्ट. किड्याकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात तरी तो घाणीत राहून जगतो. आयसीयूत औषधं लागू पडेनाशी झालीत, सरकारने यात पैसा घातलाच पाहिजे.

स्पष्ट_बोलतो:
नाही पटत. १९८१ ला सापडलं ना, मग औषध कुठाय? रक्तात गेलं की आपलीच एन्झाइम्स त्या पेप्टाइडचे तुकडे करतात. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन बॅक्टेरिया मारतं आणि आपल्या लाल पेशीही फोडतं. बेडकाच्या पेप्टाइडवरून पेक्सिगॅनान मलम केलं होतं, डायबेटिसवाल्यांच्या पायाच्या जखमांसाठी, तेही १९९९ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, नाकारलं. तोच पैसा तालुक्याच्या दवाखान्यात कल्चर टेस्टला (पेशंटमध्ये कोणता बॅक्टेरिया आहे ते सांगणारी) द्या, सर्दीला अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक देणं तरी थांबेल.

मायक्रोवाली:
दादा, मेलिटिनवरून सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. ढेकणाच्या जातीच्या एका किड्याचं थॅनाटिन घ्या, जेमतेम २१ अमिनो आम्लं. झुरिचच्या लोकांनी २०१८ ला दाखवलं की ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये बाहेरच्या आवरणाचा माल वाहून नेणारा प्रोटीनचा पूल असतो, थॅनाटिन जाऊन त्यालाच चिकटतं, मग आवरण नीट बनतच नाही. हा पूल आपल्या पेशीत नसतोच!

स्पष्ट_बोलतो:
ताई, माझ्या वडिलांना क्लेबसिएला या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं होतं तेव्हा शेवटी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक लावलं, तेही पेप्टाइडच. रोज सकाळी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या टेस्टचा, कागद हातात यायचा, १.४, मग २.१, मग ३ च्या वर. इन्फेक्शन गेलं पण डायलिसिस मागे लागलं. म्हणून पेप्टाइड म्हटलं की मला आधी किडनी दिसते, लॅबच्या बशीत काय मरतं ते नाही.

कोसावाला:
वाचून वाईट वाटलं हो. पण कोलिस्टिनशिवाय हातात काही नव्हतं, हेच तर माझं दुखणं आहे.

मायक्रोवाली:
किडनीची भीती खरी आहे, थॅनाटिनलाही त्या परीक्षेतून जावंच लागेल. पण किडा एकाच हत्यारावर विसंबत नाही हेही बघा. लोझानला २०१९ मध्ये फळमाशीची बरीचशी पेप्टाइड जीन्स काढून टाकली तर ग्राम निगेटिव्ह (ई. कोलायसारख्या बाहेरचं आवरण असलेल्या) बॅक्टेरियांपुढे ती टिकेना, आणि एका बॅक्टेरियाला तर त्यातलं डिप्टेरिसिन हे एकटं पेप्टाइडच रोखून धरत होतं. कोणावर कोणतं चालतं हे कळलं तर डोस कमी ठेवता येईल असं मला वाटतं.

स्पष्ट_बोलतो:
कोणावर कोणतं चालतं हे कळायला आधी पेशंटमध्ये कोणता बॅक्टेरिया आहे ते कळायला हवं ना, आणि त्याला कल्चरच लागतं. तालुक्याला ते होत नसेल तर उद्या थॅनाटिन आलं तरी सर्दीलाच लिहून देतील.