शब्द हवे आहेत: कागोमे, फ्रस्ट्रेशन, फ्लॅट बँड

तळटीप
कागोमे पदार्थांच्या, म्हणजे ज्यांत अणू त्रिकोण-षट्कोनांच्या जाळीत बसतात त्यांच्या, विद्युत आणि चुंबकीय गुणांवर एका विज्ञान मासिकासाठी लेख लिहितेय. लॅटिसला जालक, बँडला पट्टा इथवर ठीक चाललंय. पुढे तीन ठिकाणी अडलंय. कागोमे तसंच ठेवायचं की 'षट्कोनी जालक' म्हणायचं? 'फ्रस्ट्रेशन'ला 'वैफल्य' लिहिलं तर संपादकांनी विचारलं, दगडाला वैफल्य कशाचं आलं? आणि 'फ्लॅट बँड', 'स्पिन लिक्विड' यांचं काय करायचं? कोश सांगू नका, ते समोर उघडेच आहेत. वाचणाऱ्याला कळेल असं सुचवा.

सांद्रपदार्थी
षट्कोनी अजिबात नको. तो शब्द ऐकला की माणूस मधाच्या पोळ्याकडे जातो, म्हणजे ग्राफीनकडे, कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराकडे. तिथे प्रत्येक अणूला तीन शेजारी असतात, कागोमेत चार. प्रत्येक बिंदूपाशी दोन त्रिकोण आणि दोन षट्कोन भेटतात आणि त्रिकोण एकमेकांना फक्त कोपऱ्याने चिकटलेले असतात, बाजूने नाही. पुढचं सगळं भौतिकशास्त्र या एका गोष्टीतून निघतं, त्यामुळे नावात ती झाकली जाऊ नये.

आकृती जुनीच आहे, केप्लरच्या १६१९ च्या ग्रंथातही आहे. नाव मात्र १९५१ चं. ओसाका विद्यापीठात कोदी हुसिमी यांच्याबरोबर काम करणाऱ्या इतिरो श्योझी यांनी या जालकावर निबंध लिहिला, तेव्हापासून ते रुळलं. 'कागो' म्हणजे करंडी, 'मे' म्हणजे डोळा. शेवटचा 'मे' पूर्ण उच्चारायचा. 'कॅगोम' म्हणणारे प्राध्यापक मी पाहिलेत, पण त्यांचं अनुकरण करू नये.

खाडीकाठ
डोळा म्हणजे भोक ना? मग आमच्याकडे शब्द तयार आहे. जाळ्याच्या भोकाला आम्ही 'आस' म्हणतो. आसाचा आकार किती, यावर मासेमारीचे नियमसुद्धा ठरतात. आशेची 'आस' ती वेगळी, जाळ्याचा आस तो वेगळा.

तळटीप
आस! हा शब्द मी ऐकलाच नव्हता. म्हणजे 'करंडीचा आस'?

मधली सुट्टी
वेताच्या खुर्चीच्या बैठकीला हीच वीण असते की. सगळ्यांनी पाहिलेली आहे, तेच उदाहरण द्या.

सांद्रपदार्थी
तेच देऊ नका. खुर्चीत वेत चार दिशांनी जातो: उभा, आडवा आणि दोन तिरके. भोकं अष्टकोनी पडतात. कागोमेत पट्ट्या तीनच दिशांनी जातात. कोंबड्या झाकायच्या काही डालग्यांची उघडी वीण अशी असते, फोटो टाकायचा तर तिचा टाका.

आणि 'आस' मला आवडला, पण एक अडचण आहे. अणू भोकात बसत नाहीत, जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे बसतात. शिवाय स्फटिकात विणलेलं काहीच नसतं. त्यामुळे जालकाचं नाव 'कागोमे'च ठेवा, आणि त्यातल्या षट्कोनी भोकाबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा 'आस' वापरा. ती वेळ येणारच आहे, खाली सांगतो.

पारावरची
फ्रस्ट्रेशनसाठी 'तिढा'. जागावाटपाचा तिढा असतो तसा. तीन पक्ष, प्रत्येकाला दुसऱ्याच्या विरुद्ध जायचंय, आणि बाजू दोनच.

मधली सुट्टी
'कोंडी' काय वाईट आहे?

सांद्रपदार्थी
कोंडीत हालचाल थांबते. इथे नेमकं उलट घडतं, म्हणून माझं मत तिढ्याला. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन, म्हणजे अणूंचे इवले चुंबक, ठेवा, प्रत्येकाला फक्त वर किंवा खाली एवढीच मुभा, आणि शेजाऱ्याच्या उलट राहायची सक्ती. दोघांचं जमतं, तिसरा काहीही झाला तरी कुणाशी तरी बिनसतंच. पण कुणाशी बिघडवायचं हे ठरवायला कुठलाच नियम नाही. त्यामुळे सारख्याच ऊर्जेच्या असंख्य मांडण्या शिल्लक राहतात आणि स्फटिक कुठलीच एक निवडत नाही. पदार्थ अडकत नाही, त्याचं ठरत नाही.

आता कोपऱ्याची गोष्ट. साध्या त्रिकोणी जालकात शेजारचे त्रिकोण अख्खी बाजू वाटून घेतात, म्हणजे एकाने काही ठरवलं की पुढच्यावर बंधन येतं. कागोमेत फक्त कोपरा सामाईक, त्यामुळे मोकळीक जास्त. हे मोजताही येतं. वर-खाली एवढंच जाणणाऱ्या स्पिनांसाठी शून्य तापमानालाही उरणारी एन्ट्रॉपी, म्हणजे शिल्लक मांडण्यांचं माप, त्रिकोणी जालकात दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट आहे, कागोमेत ०.५०२ पट. अजिबात बंधन नसतं तर ०.६९३ झाली असती. हे तिन्ही आकडे लेखात घ्याच. 'भौमितिक तिढा' म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागणार नाही.

'फ्रस्ट्रेशन' हे नाव या अर्थाने १९७७ मध्ये जेरार तुलूझ यांनी रूढ केलं. ते इंग्रजीतसुद्धा माणसाच्या मनावरूनच उचललेलं आहे, म्हणून 'वैफल्य' शब्दशः चूक नाही. पण मराठीत वैफल्य आलेला माणूस हात टेकून बसतो, आणि हे स्पिन तर बसायलाच तयार नाहीत.

तळटीप
तिढा नक्की. 'स्पिन लिक्विड'ला 'स्पिन-द्रव' केलं तर लोकांना काहीतरी ओतता येतं असं वाटेल का?

सांद्रपदार्थी
वाटेल, म्हणून पहिल्याच वाक्यात खडा दाखवा. हर्बर्टस्मिथाइट हे हिरवट खनिज आहे, ब्रिटिश म्युझियममधल्या खनिजतज्ज्ञ हर्बर्ट स्मिथ यांच्या नावाचं. त्यात तांब्याच्या अणूंचे कागोमे थर आणि त्यांच्यामध्ये जस्त. शेजारच्या स्पिनांमधली ओढ जवळपास २०० केल्विनइतकी. एरवी एवढ्या ओढीत स्पिन केव्हाच रांगेत गोठले असते. इथे ०.०५ केल्विनपर्यंत उतरूनही गोठत नाहीत. खडा घट्ट, स्पिन मात्र वाहते, म्हणून द्रव. फक्त 'सिद्ध झालं' असं लिहू नका. जस्ताच्या जागी थोडं तांबं घुसतं आणि त्याचा गोंधळ मोजमापात मिसळतो, त्यावरचा वाद मिटलेला नाही.

स्पिनला 'परिवलन' करू नका. तिथे फिरत काहीच नाही.

पारावरची
फ्लॅट बँड म्हणजे सपाट पट्टा, त्यात काय अडतंय?

तळटीप
माझ्या भाच्याने वाचून विचारलं, पदार्थ कागदासारखा पातळ असतो का?

सांद्रपदार्थी
'सपाट ऊर्जापट्टा' म्हणा. सपाट आहे तो आलेख. इलेक्ट्रॉनचा संवेग बदलला तरी ऊर्जा बदलत नाही, म्हणजे तो जणू हलायलाच तयार नसतो. का, तर आता खाडीकाठांचा आस. एका आसाच्या सहा कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनची लहर धन, ऋण, धन, ऋण अशी ठेवा. आसाच्या प्रत्येक बाजूला बाहेरून एक त्रिकोण टेकलाय. त्याच्या टोकाशी एका कोपऱ्यातून धन येतं, दुसऱ्यातून ऋण, आणि दोन्ही पुसली जातात. सहाही वाटा अशाच बंद, इलेक्ट्रॉन आसाभोवतीच राहतो. भिंत कुठेही नाही, नुसती वजाबाकी. मला विचाराल तर सगळ्या कागोमे प्रकरणात याहून देखणं काही नाही.

खऱ्या पदार्थात इलेक्ट्रॉन लांबच्या शेजाऱ्यांकडेही उड्या मारतो, थर एकमेकांना धक्के देतात, त्यामुळे पट्टा पुरता सपाट राहत नाही. २०२० मध्ये कोबाल्ट-कथिल या कागोमे पदार्थात जो दिसला त्याला मी 'सपाटसर' म्हणेन.

खाडीकाठ
सपाटसर! झकास.

तळटीप
शेवटची शंका. मँगनीज-कथिल (३:१) 'प्रतिलोहचुंबक' आहे असं लिहिलंय. संपादक म्हणतात, मग त्यात हॉल परिणाम (प्रवाहाला आडवा पडणारा विद्युतदाब) एवढा मोठा कसा?

सांद्रपदार्थी
शब्द बरोबर आहे, वाक्य वाढवा. तिथे मँगनीजच्या कागोमे थरांत स्पिन एकमेकांशी १२० अंशांत उभे राहतात आणि बेरीज जवळपास शून्य होते. मोठ्या हॉल परिणामाला मोठं चुंबकत्व लागतं असं धरून चालत, आणि २०१५ मध्ये टोकियोच्या नाकात्सुजींच्या गटाने तो इथे खोलीच्या तापमानाला मोजून दाखवला. तो त्या मांडणीच्या सममितीतून येतो, बेरजेतून नाही. व्हॅनेडियमचे कागोमे थर असलेल्या पदार्थांच्या कुटुंबाला एक परिच्छेद पुरे: सीझियमवाल्यात ९४ केल्विनला विद्युतभाराची लहर उमटते आणि २.५ केल्विनला तो अतिसंवाहक होतो.

मधली सुट्टी
व्याकरणाचं कुणी बोललंच नाही. 'कागोमेतले अणू' की 'कागोम्यातले'? पुणे-पुण्यात, ठाणे-ठाण्यात, त्या हिशेबाने कागोम्यात.

पारावरची
कराटेचा क्लास म्हणता की कराट्याचा?

मधली सुट्टी
कराटेचा.

पारावरची
मग कागोमेतले.